टिटवीची साक्ष

टेकडीवर इमारती होणार की नाही, याच्या सुनावणीत शेवटची साक्ष टिटवीची होती. दुभाषी यंत्र सुरू झालं. टेकडी बचाव समितीच्या शरयूताई निर्धास्त होत्या.

"तुझं घर कोण मोडतंय?" अधिकाऱ्यांनी टिटवीला विचारलं.

"रोज सकाळी पाण्याचे कॅन घेऊन येतात, ती माणसं," यंत्र म्हणालं. "मी उघड्या माळावर अंडी घालते. तिथं त्यांनी झाडं लावली. झाडांवर कावळे बसतात, अंडी खातात."

"यंत्र बिघडलंय का हो?" शरयूताईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सवयीनं त्या कॅन घेऊन टेकडीवर गेल्या. रोपापाशी वाकल्या आणि तशाच थांबल्या. पाणी घालावं, की रोप उपटावं?

जवळच टिटवी ओरडायला लागली. इतकी वर्षं शरयूताई त्याला स्वागत समजत होत्या.