म्हाकूबाईचा मणका

दिवाळी सरली आणि माळावरचं गवत संपलं. म्हाकूबाईनं मेंढरं हाकली आणि दरवर्षीसारखी कोकणची वाट धरली. टेकडी निम्मी उतरली नाही तोच खालचं गाव काठ्या घेऊन धावत आलं.

“मावशे, मागं फिर! सगळ्या गावाचं नेट गेलं!”

‘शेवटच्या माणसापर्यंत नेट’ अशी ती सरकारी योजना. डोंगरात टॉवर कोण बांधत बसणार, म्हणून साहेबांनी यंदा धनगरांच्याच मणक्यात टॉवरची यंत्रं बसवली. त्याला ना जागा लागली, ना वीज. पण धनगर एका जागी बसत नाही, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

“मेंढरं उपाशी मरतील की रं माझी!”

“मॅच चाललीय मावशे, शेवटच्या ओव्हरी आहेत.”

“नेट तुमचं, आन् मणका माझा व्हय रं?”

“सरकारनं फुकट बसवून दिलंय तुला. उपकार विसरू नकोस!”

काठ्या उठल्या. मेंढरं हाकावीत तसं त्यांनी तिला हाकत माथ्यावर नेलं. तिथं पोचताच सगळ्यांच्या खिशातले फोन वाजू लागले. तिच्यामागून आलेली मेंढरं उघड्या खडकाला तोंड लावत राहिली.