पेशंटशी संवाद

“सर, मास्क सैल झालाय. पेशंटच्या हनुवटीखाली माझी दोन बोटं जातायत,” रेडिएशनच्या मशीनवरची ताई फोनवर म्हणाली. “एकदा खाली येऊन बघता का?”

वरच्या मजल्यावर मोठे डॉक्टर लॅपटॉपसमोर बसले होते. देशोदेशीचे कॅन्सरतज्ज्ञ दर आठवड्याला ऑनलाइन जमत. आजचा विषय होता ‘पेशंटशी संवाद’. या विषयात डॉक्टरांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

“कस जरा आणि उरकून घे,” ते म्हणाले. “मी महत्त्वाच्या चर्चेत आहे.”

“मग तसं लिहून द्या, सर.”

डॉक्टरांनी फोन ठेवला.

खाली टेबलावर अण्णा पडून होते. चेहरा आणि मान जखडून ठेवणारा जाळीचा मास्क त्यांच्या तोंडावर होता. सदतीस वर्षं कोर्टात पुकारा करणारा हा माणूस. घशाच्या कॅन्सरने आवाजच नेला. चार आठवड्यांत नऊ किलो वजन उतरलं, गाल बसले. मास्क मात्र पहिल्या दिवशीच्या चेहऱ्याच्या मापाचा. मान जरा हलली तरी किरण भलतीकडे जाणार. ताईने मशीन चालू केलंच नाही. तिने मास्क काढला, अण्णांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, “आज नको, अण्णा. नवीन माप घेऊ. उशीर झाला तर बोलणी मी खाईन.”

तिने ती खाल्लीही. “तुला शहाणपणा कुणी सांगितला होता?” डॉक्टरांनी चारचौघांत विचारलं. सहायक डॉक्टरने खाली मान घालून नव्या मापाच्या कागदावर सही केली. नव्या स्कॅनमध्ये दिसलं, की जुन्याच मापाने दिले असते तर किरण मज्जारज्जूवर गेले असते. मग डॉक्टर आपल्या खोलीत गेले. दार लावून बसले आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी सोशल मीडियावर एक लेख टाकला.

‘आज मी मशीन थांबवलं,’ अशी सुरुवात होती. ‘पेशंटला बोलता येत नव्हतं. मी त्याचा हात हातात घेतला. मास्क सैल आहे, हे मला त्याच्या डोळ्यांनी सांगितलं.’ शेजारी डॉक्टरांचा हसरा फोटो.

‘डोळे भरून आले, सर.’ ‘तुमच्यासारखे डॉक्टर राहिलेत कुठे?’ कुणी परिषदेत भाषणाचं आमंत्रण दिलं. सहायक डॉक्टरनेही हात जोडल्याची खूण टाकली. नोकरी टिकवायची होती. ताईने लेख वाचला, फोन पालथा ठेवला आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं.

फिरत फिरत लेख अण्णांच्या लेकीकडे आला. तिने तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. “अण्णा, हे तुमच्याबद्दलच आहे. किती मोठ्या मनाचे डॉक्टर मिळालेत आपल्याला.”

अण्णांनी फोन मागून घेतला. एका बोटाने, सावकाश, बराच वेळ ते टाइप करत राहिले. हजारभर शाबासक्यांच्या खाली त्यांची ओळ उमटली:

‘तो पेशंट मी. हात मशीनवरच्या ताईंनी धरला होता. तुमचं तोंड मी आज या फोटोत पहिल्यांदा पाहतोय.’