सत्ताविसावी चाचणी

डॉक्टर कारखानीसांनी पडद्यावर दिनकररावांची संगणकातली प्रतिकृती दाखवली. "बाई, औषध आधी हिला दिलं होतं. बघा, ठणठणीत आहे. म्हणून तर तुमच्या मिस्टरांना दिलं. ते गेले, हे दुर्दैव."

दुर्दैव! मालनबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पडद्याच्या कोपऱ्यात त्यांना 'चाचणी सत्ताविसावी' अशी अक्षरं दिसली.

"आधीच्या सव्वीस चाचण्यांत काय झालं?"

"त्या प्रतिकृतींमध्ये... बिघाड होता. आम्ही पुसून टाकल्या."

"बिघाड कसला? मेल्या त्या! एखादी जगेपर्यंत तुम्ही औषध पाजत राहिलात. ह्यांना तर एकच जीव होता!"

मालनबाईंनी पिशवीतून औषधाची उरलेली बाटली काढून डॉक्टरांपुढे आदळली.

"प्या. ही तुमची पहिलीच चाचणी."