मशीन लावूनही

"ह्ये मशीन परत न्या तुमी," सावळेराम म्हणाला आणि त्याने पिशवी टेबलावर ठेवली. "घोरणं हाय तसंच हाय."

मंचरच्या त्या दवाखान्यात दर मंगळवारी पुण्याहून भगवंत यायचे. झोपेत ज्यांचा श्वास अडतो, त्यांना सीपॅपचं मशीन लावून द्यायचं, शिकवायचं, बिघडलं तर बघायचं, हे त्यांचं काम. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीतून दाबाची हवा. त्या हवेने घसा उघडा राहतो, मग माणूस घोरत नाही. सावळेराम मात्र मशीन लावूनही घोरत होता. शेजारच्या खुर्चीवर त्याची बायको सारजाबाई पदर तोंडाशी धरून बसली होती.

सावळेराम अवसरी बुद्रुकचा. मंचर ते भीमाशंकर जीप चालवण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. गेल्या श्रावणात घाटाच्या वळणावर त्याचा डोळा लागला. मागून कुणी बाई ओरडली म्हणून चाक कडेवरच थांबलं. गाडीत देवाला निघालेली नऊ माणसं होती. कुणाला खरचटलंही नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, रात्री तुमचा श्वास सारखा थांबतो, झोप पुरी होत नाही, म्हणून दिवसा गुंगी येते. झोप सुधारेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. तेव्हापासून जीप ताडपत्रीखाली उभी होती आणि सावळेराम ओट्यावर बसून पेंगत होता.

भगवंतांनी काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. मास्क मोठा वाटला म्हणून लहान दिला. नाक चोंदतं म्हणून थेंब सुरू केले. तोंड उघडं पडत असेल म्हणून हनुवटीला पट्टा दिला. लोडशेडिंगमध्ये मशीन बंद पडतं म्हणून सावळेरामने घरात इन्व्हर्टर बसवला. घोरणं काही हटलं नाही.

भगवंतांनी मशीन सुरू करून पडद्यावरच्या नोंदी पाहिल्या. पुन्हा पाहिल्या.

"सावळेरामभाऊ, सुरुवातीला मास्क नीट बसतो तुमचा. मग मध्येच कधीतरी हवा गळायला लागते, ती पार सकाळपर्यंत. रोज असंच."

"मग मीच वढत आसंन झोपंत. सकाळी डोळं पार सुकल्यालं आसत्यात."

"झोपून दाखवा बरं."

"हितं? भर दुपारी?"

"तुम्हाला काय, उभ्याउभ्याही लागेल झोप."

ते मात्र खरं होतं. पडद्यामागच्या कॉटवर सावळेराम आडवा झाला. भगवंतांनी मास्क घट्ट बसवला, सारजाबाईला उशाशी स्टूल दिलं आणि ते बाहेर गेले. मशीन हलकंसं सूं करू लागलं. सावळेरामला छताचा पंखा दिसला, मग काही दिसलं नाही.

डोळ्यावर गार वारा आला तशी त्याला जाग आली.

भगवंत वाकून उभे होते. त्यांनी सारजाबाईचं मनगट हलकेच धरलं होतं आणि तिच्या बोटांत मास्कचा पट्टा होता. सुटलेला.

"मावशी," भगवंत हळू आवाजात म्हणाले, "घरी पण तुम्हीच सैल करता का?"

सारजाबाईने मान खाली घातली. सावळेराम उठून बसला. दोन महिन्यांची चिडचिड त्याच्या तोंडावर आली होती.

"सारजे, आगं का म्हून?"

"तुमी गप झाला की माझ्या काळजात धस्स व्हतं," ती म्हणाली. "आदी घोरता घोरता गप व्हायचा, तवा दम थांबल्याला असायचा. हलवलं की परत घ्यायचा. आता ह्ये लावलं की तुमी सारखंच गप. मशीन सूं करतंय, पर तुमी हाय का न्हाई, मला कसं कळावं? जरा सैल केलं, की तुमचा आवाज येतो. मग बरं वाटतं."

रात्री कुणीतरी दंड हलवतं, हे सावळेरामला पुसटसं आठवत होतं. त्यावर तो कितीदा तरी खेकसलाही होता.

भगवंत रागावले नाहीत. त्यांनी सावळेरामला पुन्हा निजवलं, मास्क बसवला आणि सारजाबाईचा तळवा मास्कच्या पुढच्या बारीक भोकांसमोर धरला.

"सोडलेला श्वास इथून बाहेर येतो. त्यांनी श्वास सोडला की वारा जोरात लागतो, घेतला की कमी होतो. बघा."

तिने तळवा आणखी जवळ नेला. मग म्हणाली, "येतोय."

"येतोय ना? मग गप असले तरी श्वास चालू आहे. भीती वाटली की असा हात धरायचा. पट्ट्याला लावायचा नाही."

ते बाहेर गेले. सावळेराम डोळे मिटून पडला, पण आता त्याला झोप येईना. सारजाबाईचा तळवा नाकापुढे होता. हळूहळू तो जड झाला, खाली आला आणि त्याच्या छातीवर टेकला. तिने डोकं कॉटच्या काठावर ठेवलं होतं.

थोड्या वेळाने खोलीत घोरण्याचा आवाज सुरू झाला. चांगला खणखणीत. भगवंत घाईने पडदा सारून आत आले. सावळेराम टक्क जागा होता. त्याने ओठांवर बोट ठेवून त्यांना तिथेच थांबवलं.

लग्नाला तीस वर्षं होत आली होती. सारजाबाईसुद्धा घोरते, हे त्याला आज पहिल्यांदाच कळत होतं.