ॲडमिनकडे तक्रार

माझी बायको शालन वारल्यापासून तिचा लॅपटॉप मी वापरतो. बातम्या, वीजबिल, सगळं त्यावरच. विंडोज काढून लिनक्स तिनंच टाकलं होतं. पत्त्यांचा खेळ मात्र टाकू देत नव्हती. "दिवसभर पत्तेच कुटत बसाल," म्हणायची. आज तिच्या वहीत लिहिलेली कमांड टाइप करून मीच तो टाकायला गेलो. तिनंच करून दिलेल्या माझ्या खात्याचा पासवर्ड दिला, तर पडद्यावर इंग्रजीत उमटलं: तुम्हाला परवानगी नाही, ॲडमिनकडे तक्रार गेली. घाबरून हिंजवडीला मुलीला फोन लावला. "मैत्री, माझी तक्रार कुणाकडे गेली गं?" ती हसली. "बाबा, या लॅपटॉपची ॲडमिन आईच की! तिच्याकडेच गेली." मलाही हसू आलं, कितीतरी महिन्यांनी. "रविवारी येऊन आईच्या जागी तुम्हाला ॲडमिन करते. मग खेळा." "नको," मी म्हणालो. "तिलाच राहू दे." फोन ठेवला आणि पुन्हा तेच टाइप केलं. दुसरी तक्रार गेली.