काटेरी अक्षर

जयलक्ष्मीपुरमातली ती चाळ रिकामी करायला शरतनं एका भाडेकरूचा हात मोडला होता, दुसऱ्याचे चार दात पाडले होते. उरले एकटे म्हातारे तुकोजीराव. त्यांना त्यानं इंग्रजीत धमकी छापून पाठवली, 'घर सोड, नाहीतर गुडघे फोडीन.' अक्षरही मुद्दाम निवडलं, जुन्या डिग्र्यांवर असतं तसलं काळंकुट्ट, काटेरी, बघूनच रक्त निघावं असं.

आठवड्यानं लोखंडी गज घेऊन तो दारावर लाथ मारून आत घुसला, तर धमकी भिंतीवर फ्रेममध्ये, वर चंदनाचा हार.

"बन्नि, बन्नि, या, बसा," तुकोजीराव म्हणाले. "नातवाची डिग्री आली बघा पोस्टानं. मला कुठलं वाचता येतंय, पण रुबाब बघा की. खाली सही तेवढी राहिलीय. तुम्ही शिकलेले दिसता, करून टाका." त्यांनी फ्रेम उघडून पेन पुढं केलं.

दहावीला तीनदा आपटलेल्या शरतला आजवर कुणी शिकलेला म्हटलं नव्हतं. गज बगलेत धरून त्यानं झोकात सही ठोकली.



"याच अक्षरात तीस वर्षं युनिव्हर्सिटीच्या डिग्र्यांवर नावं लिहिली मी," इन्स्पेक्टरच्या टेबलावर फ्रेम ठेवत तुकोजीराव म्हणाले, "पण सहीसकट धमकी ही पहिलीच."