झुडपाआड

लुआंग्वा नदीकाठच्या जंगलात लाझारो चार पाहुण्यांना पायी सफारीला घेऊन निघाला होता. सगळ्यांच्या पुढं बंदूक घेऊन वनरक्षक काफुला चालत होता. वाळूत अनवाणी पावलं दिसली आणि लाझारो थबकला. डाव्या पायाची टाच फरफटत गेली होती. असं चालणारा त्या भागात एकच होता, त्याचा धाकटा भाऊ योहाने. पावलं ताजी होती. आणि चोरट्या शिकाऱ्यांची काफुला गय करत नाही, हे सगळा गाव जाणून होता.

लाझारोनं बुटानं माग पुसला. "काफुला, नदीकडं वळू या. पाहुण्यांना पाणघोडे बघायचेत."

"थांब जरा." पुढचं झुडूप हललं. काफुलानं बंदूक उचलली.

"दादा, नको. पाया पडतो तुझ्या," लाझारो काफुलाला म्हणाला.

गोळी सुटली. पाहुणे मटकन खाली बसले. लाझारो मात्र वेड्यासारखा झुडपाकडं धावला. तिथं कुणी नव्हतं, रक्तही नव्हतं. नुसता तारेचा फास पडला होता.

"हत्ती होता, पळाला," असं पाहुण्यांना सांगून काफुला त्याच्यामागं आला.

"हवेत झाडली," तो हळूच म्हणाला. "लंगडणारा तुझाच ना? त्याला ओढत पळवत होता, तो माझा जावई."